बातमीची पेढी : मुंबईच्या छापील वृत्तपत्रांची दोन शतके

व्यापाऱ्याच्या दृष्टीने बातमी ही करमणूक नव्हे, तो एक माल आहे. तो वेळेवर हाती आला तर नफा, उशिरा आला तर तोटा, आणि खोटा निघाला तर दिवाळे. गलबत सुखरूप बंदरास लागले की नाही, माळव्यात पाऊस कसा पडला, कोणत्या पेढीची हुंडी परत फिरली, या वार्तांवर आपल्या पूर्वजांचे संसार उभे होते. वृत्तपत्र जन्माला येण्यापूर्वी ही वार्ता आडतियांच्या पत्रांतून आणि जासूदांच्या थैलीतून फिरत असे. आपल्या जुन्या पेढ्यांच्या पत्रव्यवहारात कुशलप्रश्नानंतर लगेच भावताल येतो आणि त्यामागून राजकारण, रोगराई व लग्नकार्ये येतात. आजच्या वर्तमानपत्राची रचना याहून फार निराळी नाही.

युरोपातही हीच कथा आहे. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील फुगर या सराफ घराण्याकडे सोळाव्या शतकात निरनिराळ्या शहरांतून हस्तलिखित वार्तापत्रे येत, आणि त्यांचा मोठा संग्रह आजही जतन केलेला आहे. पुढे १६०५ साली स्ट्रासबर्ग येथे योहान कारोलुस या गृहस्थाने छापील साप्ताहिक सुरू केले. तो मूळचा हस्तलिखित वार्तापत्रे विकणारा. एकेक प्रत हाताने उतरवून घेण्यात फार वेळ जातो, म्हणून आपण ती छापू लागलो, असे त्याने नगरसभेला दिलेल्या अर्जात नमूद केले आहे. हेच जगातील पहिले छापील वृत्तपत्र मानले जाते. म्हणजे त्याच्या मुळाशी कोणतेही थोर तत्त्वज्ञान नव्हते, मजुरी वाचविण्याचा साधा व्यापारी हिशेब होता.

छापखाना मागविणारा सुरतेचा व्यापारी

हिंदुस्थानात पहिला छापखाना आला तो गोव्यात, १५५६ साली. तो ख्रिस्ती धर्मोपदेशकांचा होता आणि त्याचे काम मुख्यत्वे धर्मप्रसाराचे होते. मुंबईच्या छापखान्याची कथा मात्र एका व्यापाऱ्यापासून सुरू होते, आणि ती आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या कानी कधी आली नसेल.

सुरतेचे भीमजी पारेख हे ईस्ट इंडिया कंपनीशी मोठा व्यवहार असलेले व्यापारी. आपल्याकडील प्राचीन ग्रंथ छापावेत अशी त्यांची इच्छा होती. १६७० साली कंपनीच्या सुरतेतील अधिकाऱ्यांनी विलायतेस लिहिले की भीमजींना एक कुशल मुद्रक हवा आहे आणि त्याचा खर्च ते स्वतः सोसण्यास तयार आहेत. १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्र, रोमन खिळे आणि कागद घेऊन मुंबईस आला. त्याचा पगार वर्षाला पन्नास पौंड ठरला होता आणि तो भीमजींच्या अंगावर होता.

परंतु येथे अडचण उभी राहिली. हिल्स छपाई जाणत होता, पण खिळे कोरणे आणि ओतणे हे त्याचे काम नव्हते. आपल्या लिपीचे खिळे नसतील तर यंत्र असून उपयोग काय? भीमजींनी हात टेकले नाहीत. त्यांनी आपल्या पदरच्या माणसांकडून खिळे करवून पाहिले. ‘बनिया’ लिपीत छापलेले काही कागद आपण पाहिले व ते चांगले उतरले आहेत, असे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. पुढे खिळे ओतणारा कारागीरही विलायतेहून मागविण्यात आला. त्यानंतर मात्र या उद्योगाचा माग कागदपत्रांतून लुप्त होतो आणि भीमजींच्या छापखान्याचा एकही कागद आज आपल्या हाती नाही.

हे साहस फळले असते तर पश्चिम हिंदुस्थानातील मुद्रणाचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षे आधी सुरू झाला असता. पदरचे पैसे घालून विद्येसाठी यंत्र मागविणारा हा व्यापारी आपल्या शहराच्या स्मरणातून पुसला गेला आहे, ही खेदाची गोष्ट होय.

कोटातील पत्रे आणि एक पुस्तक बांधणारा

हिंदुस्थानातील पहिले छापील वृत्तपत्र २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यास निघाले. त्याचा कर्ता जेम्स ऑगस्टस हिकी हा बेडर गृहस्थ होता. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरही त्याने टीकेचे आसूड ओढले, आणि सुमारे दोन वर्षांत त्याला तुरुंगवास घडून त्याचे पत्र बंद पडले. मुंबईत १७८९ मध्ये ‘बॉम्बे हेरल्ड’ आणि पाठोपाठ ‘कुरियर’ व ‘गॅझेट’ ही पत्रे निघाली. ती कोटाच्या आत राहणाऱ्या इंग्रजांसाठी होती. सरकारी हुकूम, विलायतेच्या जुन्या बातम्या, जहाजांची ये-जा आणि लिलावाच्या जाहिराती असा त्यांचा मजकूर असे.

जाहिरातीचा गिऱ्हाईक मात्र केवळ इंग्रज नव्हता. माल विकत घेणारे पारशी, वाणी, भाटिया, बोहरा व्यापारी इंग्रजी वाचत नसत. म्हणून ‘कुरियर’च्या छापखान्यातील जिजीभाई छापगर या पारशी कारागिराने गुजराती खिळे तयार केले आणि १७९७ साली त्या पत्रात गुजराती जाहिरात झळकली. मुंबईच्या वृत्तपत्रात देशी लिपीने प्रवेश केला तो असा जाहिरातीच्या दारातून.

याच परंपरेत फर्दुनजी मर्झबान हे नाव येते. सुरतेस जन्मलेले फर्दुनजी मुंबईत पुस्तके बांधण्याचा धंदा करीत. १८१२ साली त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. गुजराती खिळे त्यांनी स्वतः खपून तयार केले. १८१४ मध्ये त्यांनी गुजराती पंचांग छापले. यात त्यांची व्यापारी दृष्टी दिसते : वही, पंचांग आणि भाव ज्या घरात लागतात तेच छापील कागदाचे पहिले गिऱ्हाईक, हे त्यांनी ओळखले होते.

१ जुलै १८२२ रोजी फर्दुनजींनी ‘मुंबईना समाचार’ हे साप्ताहिक सुरू केले. जहाजांच्या खबरा, मालाचे भाव, जमीनजुमल्याची विक्री, सरकारी नेमणुका असा त्याचा मजकूर असे. पुढे ते आठवड्यातून दोनदा आणि १८५५ पासून दररोज निघू लागले. फर्दुनजींना स्वतःला मात्र या यशाची फळे चाखता आली नाहीत. धर्मविषयक वादांनी त्यांना विरोधक मिळाले, परदेशी व्यापारात जबर तोटा आला आणि १८३२ च्या सुमारास त्यांना मुंबई सोडून दमणला जावे लागले. १८४७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे पत्र मात्र हयात राहिले. आशिया खंडात आज अखंड चालू असलेले सर्वांत जुने वृत्तपत्र म्हणून ‘मुंबई समाचार’ ओळखले जाते. २०२२ साली त्याची द्विशताब्दी झाली आणि हॉर्निमन सर्कलजवळच्या लाल इमारतीतून ते आजही निघते.

‘दर्पण’ आणि मराठीचा आवाज

मराठी वृत्तपत्राचा जन्म निराळ्या हेतूने झाला. कोकणातील पोंभुर्ले या गावचे बाळशास्त्री जांभेकर हे विलक्षण बुद्धीचे तरुण. वयाच्या विशीच्या आसपास असताना, ६ जानेवारी १८३२ रोजी, त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ हे पत्र काढले. ते आरंभी पाक्षिक होते आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून साप्ताहिक झाले. पानाच्या एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी अशी त्याची मांडणी होती. राज्यकर्त्यांना प्रजेचे मन कळावे आणि प्रजेला विलायती विद्यांचा परिचय व्हावा, हा दुहेरी हेतू त्यात होता. भावताल सांगणाऱ्या पत्रापेक्षा हे वेगळे होते, कारण ते वाचकाला विचार करावयास सांगत होते.

‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले. बाळशास्त्री १८४६ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तले. पण वाट पडली होती. १८४१ मध्ये भाऊ महाजन यांनी ‘प्रभाकर’ काढला, आणि त्यात १८४८ पासून लोकहितवादींची ‘शतपत्रे’ येऊ लागली. पुण्यास १८४९ मध्ये ‘ज्ञानप्रकाश’, मुंबईस १८६२ मध्ये ‘इंदुप्रकाश’, १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांचा ‘दीनबंधु’ आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ असा हा प्रवाह वाढत गेला. ‘दर्पण’चा प्रारंभदिन महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो.

बातमीचा भाव : कापसाचे दिवस

बातमीची किंमत किती, हे मुंबईला सर्वांत कठोर रीतीने कळले ते १८६१ ते १८६५ या काळात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. लिव्हरपूलची नजर मुंबईकडे वळली. कापसाचे भाव कडाडले, शहरात सोन्याचा पाऊस पडला आणि रोज नव्या बँका व कंपन्या उभ्या राहू लागल्या.

या बाजाराचा सूत्रधार होता आपल्याच समाजातील सुरतेचा एक तरुण : शेठ प्रेमचंद रायचंद. लिव्हरपूलचा भाव विलायती डाकेच्या जहाजाने येई. जहाज धक्क्याला लागून टपाल वाटले जाईपर्यंत सर्वांना थांबावे लागे. प्रेमचंद शेठ आपली होडी समुद्रात पुढे पाठवून ती खबर आधीच हस्तगत करीत, असे सांगितले जाते. काही तासांचे हे अंतर म्हणजेच त्या काळातील बाजाराचा नफा.

नंतर हेच अंतर उलटे फिरले. १८६५ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेचे युद्ध संपत आले. ती वार्ता मुंबईस पोहोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी असंख्य घराणी बुडाली. प्रेमचंद शेठही त्यातून सुटले नाहीत. त्यांच्या वैभवाच्या दिवसांतील दानाने उभा राहिलेला राजाबाई मनोरा त्यांच्या मातोश्रींचे नाव आजही सांगतो आहे. परंतु त्या वर्षाचा धडा मनोऱ्याइतकाच उंच आहे : ज्याच्या हाती बातमी आधी येते तो श्रीमंत होतो, आणि जो केवळ अफवेवर धंदा करतो तो बुडतो.

त्याच सुमारास समुद्राखालून टाकलेल्या तारेने हिंदुस्थान युरोपाशी जोडला गेला आणि १८६६ मध्ये रॉयटर या वृत्तसंस्थेने मुंबईत कचेरी उघडली. आता भाव आठवड्यांनी नव्हे, तासांनी येऊ लागले, आणि वर्तमानपत्रात ते सर्वांना एकाच वेळी वाचता येऊ लागले. छापील पत्राचे हे मोठे सामाजिक कार्य होय. मोठ्या पेढीची होडी आणि लहान दुकानदाराचे वर्तमानपत्र यांतील अंतर त्याने कमी केले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८ मधील मूळ नावही ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ असे होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

शाईचा विटाळ आणि ज्ञानाची आशातना

छापील कागदाचे स्वागत सर्वत्र झाले असे मात्र नाही. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. छापील कागदाला हात लावण्यास त्या वेळी कित्येक सोवळे लोक कचरत, असे गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात नोंदविले आहे. शाईत चरबी असते ही शंका त्यामागे होती. ती दूर करण्यासाठी शाईत तूप वापरले गेले, असेही सांगितले जाते.

आपल्या समाजात तर हा प्रश्न अधिक नाजूक होता. अहिंसा हा ज्याचा प्राण, त्या धर्माचे ग्रंथ अशा साहित्याने छापावेत काय? छपाईचे रूळ सरस आणि काकवी यांच्या मिश्रणातून ओतलेले असत, आणि सरस प्राणिज असतो. शिवाय छापलेला कागद रद्दीत जाणार, पायाखाली येणार, त्यात पुडी बांधली जाणार. ही ज्ञानाची आशातना नव्हे काय? आगम गुरुमुखातून आणि अधिकाराने वाचावयाचे. ते बाजारात मांडले तर मर्यादा कोठे राहील? पाटण, खंभात, जैसलमेर येथील भांडारांत ताडपत्रे व हस्तलिखिते शतकानुशतके जिवापाड जपणाऱ्या समाजाने असे प्रश्न विचारावेत, हे स्वाभाविक होते. या आक्षेपांना केवळ अज्ञान म्हणून हसणे योग्य नव्हे.

तरीही काही सुज्ञ गृहस्थांनी दुसरी बाजू ओळखली. भांडारात बंद असलेला ग्रंथ वाळवीपासून वाचतो, पण श्रावकाच्या घरी पोहोचत नाही. मुंबईत भीमसी माणेक या कच्छी गृहस्थांनी १८७० च्या दशकापासून जैन ग्रंथ छापून प्रसिद्ध करण्याचा उद्योग हाती घेतला. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने तर देवनागरी मुद्रणास सौंदर्याची परिसीमा दाखविली. जावजी हे लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागलेले. तेथे ते टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली खिळ्यांचे काम शिकले. त्यांच्या ‘काव्यमाला’ या मालेत भक्तामर, कल्याणमंदिर आदी स्तोत्रे आणि ‘धर्मशर्माभ्युदय’ हे महाकाव्य प्रसिद्ध झाले. त्यामुळे जैन वाङ्मय देशोदेशीच्या पंडितांच्या हाती गेले.

ग्रंथांमागून नियतकालिके आली. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८४-८५ च्या सुमारास ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक सुरू केले. ग्रंथ छापण्याच्या बाजूनेही ते ठामपणे उभे राहिले. ज्यांची मातृभाषा गुजराती आणि व्यवहारभाषा मराठी, अशा एका व्यापाऱ्याने समाजाशी बोलण्यासाठी मराठी निवडली, ही गोष्ट या मराठी विभागाच्या वाचकांना विशेष आपुलकीची वाटेल. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली आणि ‘प्रगती आणि जिनविजय’ हे तिचे मुखपत्र घरोघरी जाऊ लागले. मुंबईत पंडित गोपाळदास बरैया यांनी ‘जैनमित्र’ चालविले आणि नाथूराम प्रेमी यांनी ‘जैनहितैषी’चे संपादन केले. प्रेमीजींची ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ ही १९१२ च्या सुमारास सुरू झालेली प्रकाशनसंस्था शेठ माणिकचंद यांच्या हिराबागेशी जोडलेली होती.

या पत्रांतून काय येई? पाठशाळांचे वृत्तान्त, विद्यार्थिगृहांसाठी मदतीची आवाहने, तीर्थक्षेत्रांची व्यवस्था, शंकासमाधान. त्याचबरोबर बालविवाह, लग्नातील उधळपट्टी, मुलींचे शिक्षण या अप्रिय विषयांवर चर्चाही येई. ज्या गोष्टी पंचांसमोर बोलावयास संकोच वाटे, त्या छापील पानावर बोलता येऊ लागल्या. वृत्तपत्राने समाजाला आरसा दिला, आणि आरशात पाहण्याचे धैर्यही हळूहळू दिले.

लेखणीची जोखीम

हे धैर्य सर्वांनाच स्वस्त पडले नाही. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी हे वाणी समाजातील. १८६० मध्ये त्यांनी आपल्याच संप्रदायातील एका महाराजांच्या आचरणावर लेख लिहिला. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला, साक्षीदारांना ज्ञातिबहिष्काराचे भय घालण्यात आले, आणि तरीही १८६२ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला.

सरकारचा वरवंटा तर सदैव फिरतच होता. १७९९ मध्ये छापण्यापूर्वी मजकूर तपासून घेण्याची सक्ती आली, १८३५ मध्ये मेटकाफने ती बंधने सैल केली, १८७८ मध्ये लिटनने केवळ देशी भाषांतील पत्रांसाठी जाचक कायदा केला आणि रिपनच्या कारकिर्दीत तो रद्द झाला. १९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांसाठी लोकमान्य टिळकांना मुंबईच्या हायकोर्टात सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. देशी भाषेतील चार पानांचा कागद सरकारला इतका भयप्रद का वाटावा, याचे उत्तर त्या सहा दिवसांत आहे.

येथे सत्याणुव्रताचे स्मरण होते. आपल्या आचार्यांनी या व्रताचे जे अतिचार सांगितले, त्यांत खोटा उपदेश करणे, दुसऱ्याचे गुपित उघड करणे आणि कूटलेख, म्हणजे बनावट लिखाण करणे, यांचा समावेश आहे. व्यापाऱ्याच्या वहीसाठी सांगितलेले हे नियम वृत्तपत्राच्या पानालाही जसेच्या तसे लागू पडतात. वही आणि वृत्तपत्र दोन्ही पतीवर चालतात. पत गेली की शाई कितीही काळी असो, कागद कोराच.

उपनगरांतील पहाट

उपनगरांत वर्तमानपत्र आले ते आगगाडीबरोबर. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला. आजचे घाटकोपर आणि मुलुंड याच मार्गावर आहेत. १८६७ मध्ये पश्चिमेकडील मार्गावर विरारहून मुंबईकडे गाडी धावू लागली आणि अंधेरी-बोरिवलीचा पट्टा शहराशी जोडला गेला. पुढे गिरगाव, भुलेश्वर, मांडवी येथील दाट चाळींतून व्यापारी कुटुंबे घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीस येऊन स्थिरावली. दुकान मंगळदास मार्केटात आणि घर उपनगरात, असा जीवनक्रम सुरू झाला. या दोहोंमधील तासाभराचा प्रवास हा वर्तमानपत्राचा सर्वांत निष्ठावंत वाचनकाळ ठरला. उभ्याने, चौघडी घडी घालून, शेजाऱ्याच्या खांद्याला धक्का न लावता पान उलटण्याची कला मुंबईकराने लोकलमध्येच साधली.

या वाचनामागे पहाटेचे एक सैन्य राबते. उजाडण्यापूर्वी गठ्ठे स्थानकांबाहेर येऊन पडतात. पदपथावर बसून विक्रेते भाषेप्रमाणे थप्प्या लावतात, पुरवण्या आणि दुकानांची पत्रके आत सरकवतात, आणि मुले सायकलवरून इमारतींचे जिने चढू लागतात. कोणत्या मजल्यावर मराठी, कोठे गुजराती, कोणाकडे रविवारी दोन पत्रे, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदीमुळे काही दिवस मुंबईत छपाई व वितरण थांबले, तेव्हा दाराशी कागद न पडल्याने आलेले रितेपण अनेक घरांनी अनुभवले.

आपल्या घरांत गुजराती पत्र प्रथम कोठे उघडले जाते, हे सांगावयास नकोच. ‘जैन मरण’ या मथळ्याखालील बारीक अक्षरांत मूळ गाव, हल्लीचे राहण्याचे ठिकाण, सासर-माहेरची नावे, प्रार्थनासभेची वेळ, सारे काही असते. कोणी त्यास शोकवार्ता म्हणेल, पण ते आपल्या विखुरलेल्या ज्ञातीचे रोज अद्ययावत होणारे वंशपत्र आहे. कच्छचे गाव आणि मुलुंडची इमारत यांना जोडणारा धागा त्या चार ओळींत असतो.

छपाईचे तंत्र या काळात पार पालटले. देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा यांमुळे जुळाऱ्याच्या पुढ्यात शेकडो खण असत आणि एकेक खिळा उचलून उलट्या अक्षरांत ओळ जुळवावी लागे. मग ओळी ओतणारी यंत्रे आली, त्यानंतर ऑफसेट, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस संगणक. शिशाचे खिळे वितळवून विकले गेले. आता बातमी मोबाइलवर येते आणि कागदाची वाट पाहणारे डोळे घरात बहुधा सत्तरीच्या पुढचे असतात.

गती वाढली, पण पत वाढली का? ‘अमुक बँक बुडाली’, ‘अमुक वस्तू उद्यापासून मिळणार नाही’ असे निरोप रात्री फिरतात आणि सकाळी दुकानासमोर रांगा लागतात. छापील पत्रावर मुद्रकाचे, प्रकाशकाचे नाव छापण्याची सक्ती १८६७ च्या कायद्याने आली. चुकले तर धरावयाचे कोणाला, हे त्यामुळे ठरलेले असे. पुढे ढकललेल्या निरोपावर कोणाचेच नाव नसते. बेनामी हुंडी आपण स्वीकारीत नाही. मग बेनामी बातमी का स्वीकारावी?

माळ्यावरची ट्रंक

शेवटी एक तातडीची गोष्ट. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी येथील जुन्या इमारती आज एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करताना माळ्यावरच्या ट्रंका उघडतात. त्यांत आजोबांनी बांधून ठेवलेले ‘जैन बोधक’चे अंक असतात, ज्ञातीच्या मासिकांच्या फायली असतात, जुनी पंचांगे, भावपत्रके, लग्नपत्रिका असतात. घाईत हे सारे वजनावर रद्दीत जाते. बातमीचा कागद एका दिवसासाठी छापलेला असतो, हे खरे. परंतु शंभर वर्षे टिकला की तो इतिहासाचा पुरावा होतो. भीमजी पारेखांनी छापविलेला एक कागद जरी कोणाच्या पेटीत उरला असता, तर आज आपण त्याला काय मोल दिले असते?

म्हणून घर आवरताना इतके करावे. जुने अंक प्रथम वेगळे काढावेत. त्यांना चिकटपट्टी लावू नये व प्लास्टिकचे आवरण चढवू नये. वर्तमानपत्राचा कागद मुळातच लवकर पिवळा पडतो व ठिसूळ होतो, म्हणून तो घडी न घालता आडवा, उन्हापासून व ओलीपासून दूर, स्वच्छ सुती कापडात ठेवावा. आपल्या भांडारांत पोथ्यांसोबत वेखंड ठेवण्याची रीत होती, ती आजही उपयोगी आहे. मोबाइलने सरळ वरून, दिवसाच्या उजेडात पानांची छायाचित्रे घ्यावीत. त्यावर अंकाचे नाव व तारीख लिहून ठेवावी. घरी जागा नसेल तर विलेपार्ले येथील फार्बस गुजराती सभा, १८९८ पासून चालत आलेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटी यांच्याकडे आधी चौकशी करावी. आपल्या उपाश्रयाच्या किंवा मंदिराच्या ज्ञानभांडारातही अशा अंकांसाठी एक कपाट राखता येईल.

ज्ञानपंचमीस आपण पोथ्या बाहेर काढतो, त्यांवरील धूळ झटकतो, त्यांना वारा देतो आणि पूजन करतो. या रूढीच्या मुळाशी ग्रंथरक्षणाची शहाणी व्यवस्था आहे. यंदाच्या ज्ञानपंचमीस पोथीशेजारी घरातील सर्वांत जुना छापील अंकही ठेवावा आणि नातवंडांकडून त्याचे एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. लिपी त्यांना अडली तर आपण शेजारी बसून लावून द्यावी.